दगडाबाईंचा चार्ज

दगडाबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण रोज सकाळी दहाच्या ठोक्याला त्या स्टेशनवर हजर असत. पगार नाही, चहासुद्धा घरून थर्मासमधून आणलेला.

मूळच्या त्या पिशोरच्या. नवरा रेल्वेत होता. तो वारला आणि त्याच्या जागी त्यांना घेतलं. काम बायकांच्या वेटिंग रूमचं. झाडायचं, पुसायचं, आणि तिकीट नसलेल्यांना बाहेर काढायचं. तेहतीस वर्षं त्यांनी ते चोख केलं. फक्त कडेवर पोर असलेल्या बाईला कधी बाहेर काढलं नाही. त्यापायी दोनदा मेमो आला. दोन्हीवर त्यांनी ‘वाचला’ असं लिहून सही ठोकली आणि पुढच्या बाईला पाणी नेऊन दिलं.

मीटरगेज गेलं, मोठी लाईन आली, तेव्हा जुनं सामान फलाटाच्या टोकाला ढिगानं पडलं. कंदील, घंटा, तिकिटावर तारीख मारायचं यंत्र. भंगारवाला येणार होता. ढिगाशेजारी सिग्नल ओढणारे केबिनमन गयासभाई कपाळाला हात लावून बसले होते.

“बसून काय व्हतंय? उचला,” दगडाबाई म्हणाल्या.

जुनी वेटिंग रूम तेव्हा बंदच पडली होती. दोघांनी सामान वाहून तिथं लावलं. तेव्हाच्या स्टेशन मास्तरांनी ते पाहिलं, आणि काही दिसलंच नाही असे चष्मा काढून पुसत बसले. पुढं आणखी दोघं निवृत्त येऊन मिळाले आणि म्युझियम उभं राहिलं. शहागंज, औरंगपुऱ्याच्या शाळा येऊ लागल्या. दगडाबाई पोरांना हात लावू देत. हात लावायचा नाही तर मग घरी बसून चित्रं बघावीत.

आणि मग आला नवा साहेब. त्याला त्या खोलीत सोफे टाकून गारेगार विश्रांतीकक्ष करायचा होता. कागद आला: सात दिवसांत खोली मोकळी करावी, सामानाचा रीतसर चार्ज द्यावा.

गयासभाईंनी कागद वाचला. “हो गया, बाई. अब घर चलो.”

“नीट वाचा, भाई. रीतसर चार्ज म्हणतोय त्यो.”

आता हे समजून घ्या. वेटिंग रूम सांभाळणाऱ्या आयांची पाळी बदलताना एक रिवाज होता. देणारीनं गप्प उभं राहायचं आणि घेणारीनं एकेका वस्तूवर बोट ठेवून ती काय आहे, चालते कशी, ते मोठ्यानं म्हणायचं. घेणारी अडली की चार्ज अडला. आणि चार्ज पुरा झाल्याशिवाय देणारी ड्युटी सोडून जात नसे, मग घरी पोर तापानं का फणफणेना. दगडाबाईंनी असे चार्ज हजारोंनी दिले होते.

सातव्या दिवशी साहेब दोन शिपाई घेऊन आले.

“मावशी, चावी द्या.”

“देते की. आधी चार्ज घ्या.”

“यादीवर सही करतो, आणा.”

“यादी नाय, साहेब. दोनशे चौदा नग हायेत. तुमी बोलायचं, मी ऐकायचं. रीतसर.”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “बरं. हा कंदील. हिरवा, लाल. सिग्नल दाखवायला. ही घंटा.”

“कशाची?”

“लोखंडाची.”

“रुळाचा तुकडा हाय. चालू द्या.”

तोवर मनमाडकडे जाणारी गाडी लेट असल्याचं कळलं होतं. निवांत झालेली माणसं दारात जमली. साहेबांनी नववा नग उचलला: पत्र्याची गोल, चपटी डबी, तिला दोन पट्ट्या.

“ही बूटपॉलिशची डबी.”

गयासभाईंना ठसका लागला. “हौ साहब. धुक्यात ही रुळाला बांधत होतो. इंजिन चढलं की धडाम. ड्रायव्हरला कळायचं, पुढं सिग्नल है. आतली दारू काढलेली है, घाबरू नक्को.”

दारातला एकजण म्हणाला, “साहेबांच्या बुटाला लावून बघा की.”

साहेबांनी डबी खाली ठेवली. फार हळू ठेवली. “आणि मी चार्ज घेतलाच नाही तर?”

“मग मी ड्युटीवर. सोडून गेले तर तुमीच मेमो द्याल.”

“मी जाणकार माणूस पाठवतो.”

“पाठवा. च्या पाजते त्याला.”

माणूस आला. तेविसाव्या नगाला तोही अडला. दगडाबाईंनी त्याला खरंच चहा पाजला.

त्या संध्याकाळी गयासभाई म्हणाले, “किसी दिन कोई सब पहचाननेवाला आ गया तो? अपन तो चार के दो रह गये.”

“तर चावी देऊन टाकीन,” दगडाबाई कुलूप ओढून बघत म्हणाल्या. “ज्याला दोनशे चौदा नग ठावं हायेत, त्यो भंगारात घालंल व्हय? मला तसाच माणूस पायजे.”

साहेबांची बदली झाली. महिन्याभरात दुसरे साहेब तोच कागद हातात घेऊन दारात उभे राहिले. दगडाबाईंनी खुर्ची पुढं ओढली, पदरानं पुसली.

“बसा, साहेब. एक नंबरपासनं.”