चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

बोका म्हणून त्याला सगळं शहर ओळखायचं, आणि हे नाव ठेवलं ते त्याला शिव्या देणाऱ्यांनीच. ऐंशी मिनिटं हा गडी मैदानावर नुसता फिरायचा. पळायचा नाही, घामाघूम व्हायचा नाही, कुणाच्या वाटेला जायचा नाही. समोरच्या टीमचे बॅक त्याच्याकडे बघून जांभया द्यायचे. आणि मग गोलसमोर चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून जरा उडाला, की हा कुठून उपटायचा कुणास ठाऊक, आणि झालं, चेंडू जाळीत! गोलकीपर बिचारा कपाळाला हात लावून बसायचा. सुरुवातीला लोक म्हणायचे, "फुकट पगार खातोय लेकाचा." दोन वर्षांनी तेच लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते. लोकांचं काय, सोडा.

अकरा वर्षं तो क्लबचा पगारी स्ट्रायकर होता. आता स्ट्रायकर म्हटलं की त्याच्या पायांवर सगळ्यांचा डोळा. दुखरा पाय कुठला हे समोरच्या बॅकला कळायचा अवकाश, पहिल्या दहा मिनिटांत त्याच पायावर बूट बसतो, तोही रेफ्रीची पाठ असताना. म्हणून बोका पट्टी बांधायचा ती चांगल्या गुडघ्यावर. दुखतो डावा, तर पट्टी उजव्यावर. बॅक मंडळी इमानेइतबारे उजव्या पायावर लाथा घालायची आणि हा डाव्याला सांभाळत आपलं काम उरकून मोकळा. एका म्हाताऱ्या खेळाडूने जाता जाता त्याला हे शिकवलं होतं. क्लबबाहेर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा दंडक होता.

एकोणतिसाव्या वर्षी त्याचा डावा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. क्लबच्या डॉक्टरने सुई टोचली. कोचने विचारलं, "जमेल ना?" हा म्हणाला, "न जमायला काय झालं?" पुढच्या आठवड्यात पुन्हा सुई, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. विचारणारे सगळे होते, नको म्हणणारा एकही नव्हता. बायको तेव्हा नवीन होती. तिला वाटलं, यांच्या खेळातलं यांनाच कळत असणार, आपण कशाला मध्ये बोला? त्या गप्प बसण्याबद्दल ती आजही स्वतःला बोल लावते. असे पाच सामने गेले. सहाव्यात कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही, हा नुसता वळला आणि खाली बसला. दोन ऑपरेशनं झाली. तिसाव्या वर्षी खेळ खलास.

मग एका लहानशा टीमने त्याला शिकवायला ठेवून घेतलं. पण शिकवणं त्याच्या बापजन्मात जमण्यातलं नव्हतं. मुलं विचारायची, "सर, चेंडू कुठे येणार हे आधी कसं कळतं?" हा म्हणायचा, "कळतं." मुलं पुढचं काही ऐकायला थांबायची, पण पुढे काही नसायचंच. एवढ्यावर किती दिवस निघणार? दोन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला.

तेव्हापासून तो रंगाच्या दुकानात आहे. मालक त्याचा जुना भक्त. सुरुवातीला गिऱ्हाइकं हात मिळवायला यायची आणि जाताना भिडेपोटी एखादा डबा घेऊन जायची. आता येतात त्यांना भिंतीचा रंग हवा असतो, बोका कोण हे त्यांच्या गावीही नसतं. त्याची अडचण एकच, शिडी. वरच्या फळीवरचा कुठलाही रंग मागितला, की हा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "तो संपलाय. पण हा घ्या, हाच सध्या जास्त चालतोय." फिक्कट हिरव्याचे डबे चार वर्षं धूळ खात पडले, तेव्हा कुठे मालकाच्या डोक्यात प्रकाश पडला. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने मुकाट्याने सगळे डबे खाली उतरवले आणि वर ब्रश ठेवले. ब्रश काठीने पाडता येतात. माणूस चांगला, उगाच कशाला खोटं बोला?

बायको दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. दिवसभर लोकांची दुखणी लिहून घ्यायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या गुडघ्याला शेक द्यायचा. "मला सुट्टी अशी कधी नसतेच," म्हणते, आणि शेक जरा जास्तच गरम देते.

त्यांना एकच मुलगी. ती स्ट्रायकर व्हावी असं त्याने कधी म्हटलं नव्हतं, उलट दोन वर्षं तिला पोहायला पाठवलं. पण रक्तातच होतं, करता काय! बारा वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसली होती, तेव्हा एकदा मजेत येऊन त्याने तिला पट्टीची युक्ती सांगितली. दोघं पोट धरधरून हसली. बायको कांदा चिरत होती, ती तेवढी हसली नाही.

आता मुलगी एकोणीस वर्षांची. मोठ्या क्लबची महिला टीम उभी राहत होती आणि त्या रविवारच्या सामन्याला निवड करणारे तिघं येणार होते. खास तिला बघायला. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. बोक्याने दुकानातून सुट्टी घेतली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळपासून चार वेळा तिला विचारलं, "सगळं ठीक ना?" चारही वेळा ती म्हणाली, "हो रे बाबा, किती विचारशील!"

ती मैदानात आली तेव्हा उजव्या गुडघ्यावर पट्टी होती.

"अगं बाई, लागलंय की काय तिला?" बायको म्हणाली.

"बघू," तो म्हणाला.

विसाव्या मिनिटाला चेंडू गोलसमोर उडाला आणि पोरगी कुठूनशी उपटली. बापाची हुबेहूब कॉपी! उजव्या पायाने असा सणसणीत मारला की गोलकीपर जागची हलली नाही. निवड करणाऱ्यांपैकी एकाने चटकन काहीतरी लिहून घेतलं. सगळे उभे राहून ओरडत होते, बोकाही ओरडला, "वा गं माझी वाघीण!" आणि ओरडता ओरडताच खाली बसला. दुखऱ्या पायाने असं कुणी मारत नाही. मारल्यावर ती डाव्यावर उतरली होती, आणि तो पाय टेकला न टेकला तोच उचलला होता. अख्ख्या मैदानात हे फक्त त्याला कळत होतं. त्यानेच शिकवलं होतं.

"काय झालं हो? चेहरा का असा पडला?" बायकोने विचारलं. त्याने सांगितलं.

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "मग बसलात काय? जा ना!"

"अगं, ते तिघं बसलेत. तिला बाहेर काढलं तर त्यांना कळेल. संपलं मग सगळं."

"तेव्हा मी गप्प बसले," बायको म्हणाली, "आज तुम्ही बसणार का?"

अर्धा खेळ संपल्यावर तो खाली गेला. कोचबाई मुलींना पाणी देत होत्या. मुलीने त्याला येताना बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हळूच मान हलवली. नको, बाबा. ते त्याला स्पष्ट दिसलं. त्याला वाटलं, वळावं आणि निघून जावं, पंचेचाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.

"बाई," तो म्हणाला, "तिचा डावा गुडघा बघा. पट्टी नाही तो."

कोचबाईंनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. पोरगी ओठ चावून बसली, पण डोळ्यांतून पाणी आलंच. त्यांनी तिच्या जागी दुसरी मुलगी उतरवली. निवड करणारे आणखी दहा मिनिटं थांबले आणि गेले.

डॉक्टर म्हणाले, लिगामेंट थोडं फाटलंय, चार महिने खेळ बंद. बोक्याने विचारलं, "त्या दिवशी पुढे खेळली असती तर पूर्ण तुटलं असतं ना?" त्याला 'हो' ऐकायचं होतं, अगदी कानात प्राण आणून. डॉक्टरांनी खांदे उडवले. "कदाचित. कदाचित काहीच झालं नसतं. सांगता येत नाही." मुलीने बापाकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली.

मोठ्या क्लबने दुसरी मुलगी घेतली.

तीन आठवडे मुलगी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवताना तो समोर बसलेला, तरी म्हणायची, "आई, त्यांना सांग मीठ सरकवायला." 'त्यांना'! जन्मापासून बापाला अरे-तुरे करणारी पोरगी. बायकोनेही दोन दिवस निरोप पोचवले आणि मग वैतागून मिठाची बरणीच दोघांच्या मधोमध आणून आपटली.

बोका रोज संध्याकाळी कामावरून आला की मुलीच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकायचा, टॉवेलची गुंडाळी तिच्या गुडघ्याखाली सरकवायचा आणि व्यायाम मोजायचा. ती भिंतीकडे बघत पाय उचलायची. कोण कुणाचं ऐकतंय! चौथ्या आठवड्यात, अकरा आकडे झाले होते तेव्हा, ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "तुझ्या वेळी तुला असं कुणी बाहेर काढलं असतं, तर तू त्याच्याशी बोलला असतास?"

त्याने खोटं बोलायचं ठरवलं, पण जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "त्याचं तोंड बघितलं नसतं जन्मात. शिव्या घातल्या असत्या त्याला रोज."

"मग माझ्याकडून कसली अपेक्षा करतोस?"

"कसलीच नाही गं. तू रागाव. हवी तितकी वर्षं रागाव." त्याने टॉवेल नीट केला. "ज्याच्यावर असं रागवता यावं, असं मलाही कुणीतरी हवं होतं."