गडावरच्या धुक्यातली ओ

मोटार पंचवटी सोडून दिंडोरीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी मामांच्या गल्लीकडे मान वळवून पाहिलं. परतताना इथेच उतरायचं, पुन्हा सासरी जायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं. शेजारी बसलेला नवरा वाईट होता म्हणून नव्हे. चांगला होता, आणि तेच मला खरं वाटत नव्हतं.

माझं हे दुसरं लग्न. पहिला नवरा वारला, पण त्याची भीती माझ्या पाठीत राहिली. चोरपावलांनी मागून यायचा आणि मनगट पिरगळायचा. हे मात्र खोलीत येण्याआधी उंबऱ्यापाशी खाकरायचे. नव्याचे नऊ दिवस आहेत हे, असं मी म्हणायची.

नांदुरीला उतरलो. सप्तशृंगीचा गड अर्धा धुक्यात बुडाला होता. कणसं भाजणाऱ्या म्हातारीनं गरम कणीस हातात ठेवलं आणि बजावलं, "धुकं लय हाय, बाई. वाटंत हाक मारू नगा. चकवा मानसाला वाट चुकवतो, वळखीच्या आवाजात ओ देतो."

"मग खरा माणूस ओळखायचा कसा?" मी थट्टेनं विचारलं.

"आपला मानूस कळतो की आपल्याला."

मला तर नेमकं तेच कळत नव्हतं.

चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी वाकून तो बसवेपर्यंत हे पुढे निघून गेले. धुक्यात स्वतःचे पाय दिसेनात. मागे ओल्या पाचोळ्यावर पाऊल वाजलं. मी थांबले, तेही थांबलं. म्हातारीचं बोलणं विसरून मी हाक मारली, "अहो!"

"इकडे ये," मागून यांचाच आवाज आला. "चल मुकाट्यानं."

मी वळलेही. सवय, दुसरं काय.

तेवढ्यात वरून कुणी खाकरलं. "मी आहे. घाबरलीस का? येऊ तुझ्याजवळ?"

देवीशपथ सांगते, दोन्ही आवाज एकच होते. पण त्यातला एक मला विचारत होता.

"या," मी वरच्या आवाजाला म्हणाले. "लवकर या."

धुक्यातून आधी यांची टोपी दिसली. मागची पावलं सावकाश उतरणीला लागली.

"कोण होतं गं तुझ्याबरोबर?" यांनी विचारलं.

"ओळखीचं होतं. गेलं."

वर मी देवीची ओटी भरली. यांनी नारळ धरला.

परतीला मोटार पंचवटीत थांबली. "मामांकडे जायचंय?" यांनी विचारलं.

"नको. घरी जाऊ."

घरी आल्यावर मी दाराकडे पाठ करून चूल फुंकत बसले. असं बसायचं धाडस मला इतक्या वर्षांत झालं नव्हतं. उंबऱ्यापाशी हे खाकरले.

"आता नाही खाकरलात तरी चालेल," मी मागे न पाहता म्हणाले. मग चुलीत काटकी सारत म्हणाले, "पण खाकरत जा. ऐकलं की बरं वाटतं."