बिब्याचा आळ

माझ्या धाकट्या जावेच्या गालांवर लाल चट्टे उठले, तेव्हा घरात सगळ्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी मीच तिच्या टाचेच्या भेगांत बिब्याचं तेल सोडलं होतं. बिबा तापवायचा, सुईनं टोचायचा, थेंब भेगेत पाडायचा. आमच्या पातूरकडच्या घरात हे काम माझंच. तेल भलतीकडे लागलं तर अंग उततं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"टाचेले लावलेला बिबा गालावर कसा गेला वं?" सासूबाईंनी विचारलं. विचारलं कसलं, निकालच दिला. तिच्या गालांवर बिब्याला उतारा म्हणून तीळ-खोबरं वाटून थापलं आणि माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर नेला. दीर तर माझ्या हातचा चहा हुंगून प्यायला. माझं डोकंच फिरलं. आमचं दोघींचं पटत नव्हतं, झेंडू तोडताना ती फार हळू म्हणून मी तिला टोकायची, हे खरं. पण म्हणून मी तिचं तोंड जाळीन?

मग मीही संशय घ्यायला लागले. ही चोरून गोरं व्हायची क्रीम लावत असेल म्हणून तिचा डबा उचकला. काही सापडलं नाही. रोज तिचा चेहरा न्याहाळत राहिले, तेव्हा मात्र खटकायला लागलं. बिबा उतला की फोड येतात, माणूस खाजवून बेजार होतो. हिला फोड नाहीत, खाज नाही. लाली दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर. नाकाच्या बाजूची घडी मात्र कोरी. मळ्यात ऊन लागलं की चेहरा पेटायचा. सकाळी बोटंही आखडलेली असायची.

"तिले अकोल्याले दाखवा," मी म्हणाले.

"तुलेच काहून एवढी घाई?" सासूबाई म्हणाल्या.

शेवटी मीच तिला एसटीत बसवून नेलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडातले छाले पाहिले, रक्त-लघवी तपासली. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "ल्युपस आहे. शरीराचे पहारेकरी आपल्याच माणसाला चोर समजतात. कुणी लावून होत नाही, कुणाला लागत नाही. पण गोळ्या चुकवल्या तर मूत्रपिंडावर जाऊ शकतं."

पहारेकऱ्यांचं मला लगेच समजलं. आमच्या घरात दुसरं काय चाललं होतं?

घरी मी सगळं सांगितलं. सासूबाई हूं म्हणाल्या, टॉवेल तिथंच राहिला.

दुसऱ्या सकाळी जावेला डॉक्टरीणबाईंनी उन्हासाठी दिलेल्या मलमाचं झाकण उघडेना. ती माझ्याकडे आली. मी साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले.

"कितीदा धुता, ताई? लावा न," ती म्हणाली आणि डोळे मिटून चेहरा पुढे केला.

सासूबाई दारात उभ्या राहून माझी बोटं पाहत होत्या. मी एकेक गाल सावकाश माखला.