मगदूमबाईंचे उच्चार आणि गावाचे कान

श्रीमती सुगंधाबाई मगदूम यांनी मला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी नववीच्या वर्गात बाकावर उभी होते. मराठीच्या बाईंनी वही मागितली होती आणि मी "वही आणली न्हाय" असे म्हणाले होते. मी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची. आमच्याकडे सगळे असेच बोलत. पण त्या बाईंनी ते "न्हाय" माझ्याकडून पुन्हापुन्हा वदवून घेतले आणि वर्ग हसत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, काही वस्त्यांतल्या मुलींची जीभ मुळातच जड असते. वस्ती कोणती, हे त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. आमचे घर बौद्ध आहे हे वर्गातल्या प्रत्येकीला ठाऊक होते.

शेजारच्या वर्गावर मगदूमबाई इंग्रजी शिकवत होत्या. हसणे ऐकून त्या दारात आल्या, मला पाहिले, आणि हिला जरा माझ्याकडे पाठवा, एवढेच म्हणून मला बाहेर घेऊन गेल्या. व्हरांड्यात त्यांनी विचारले, रविवारी सकाळी काय करतेस? मी म्हणाले, काही नाही. या वेळी मी "नाही" म्हणाले आणि ते म्हणताना मला रडू आले.

"मग इथंच माझ्या भाषेच्या वर्गाला ये," बाई म्हणाल्या. "त्या वर्गात सगळ्यांचीच जीभ जड आहे. माझीसुद्धा."

हे त्या समजूत काढायला म्हणत नव्हत्या. बाई गडहिंग्लजच्या पलीकडच्या, सीमेलगतच्या खेड्यातल्या. घरात कानडी. कोल्हापुरात नोकरीला आल्या तेव्हा त्यांच्या मराठीतली लिंगे चुकत. "ती टेबल", "तो खुर्ची" अशी त्यांची नक्कल शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चालत असे आणि त्यांनाही हसावे लागत असे. पुण्यात शिक्षकी पेशासाठी बी.टी. करताना एका वृद्ध गृहस्थांकडून त्या एस्पेरांतो शिकल्या होत्या. एस्पेरांतो म्हणजे मुद्दाम घडवलेली भाषा. देशोदेशींच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ती तयार केली गेली. बाईंना तिच्यात आवडलेली गोष्ट साधी होती. तिथे घरातूनच शुद्ध बोलत आलेला माणूस जवळजवळ सापडत नाही, त्यामुळे दुसऱ्याला हसण्याचा हक्क सांगणाराही सापडत नाही.

शाळेच्या एका मागच्या खोलीत हा वर्ग भरे. राजारामपुरीतले शिंपीकाम करणारे दत्तोबा, कोर्टातले एक टंकलेखक, कॉलेजातली दोन मुले आणि मी. बाई व्याकरणाकडे नंतर वळत, आधी तोंडाकडे. एस्पेरांतोत एक आवाज आहे, तो ना आपला ज, ना झ, ना श. बाई म्हणत, श म्हणायला लागा आणि थांबू नका. आता गळ्यावर हात ठेवा आणि श न सोडता आतला आवाज चालू करा. हाताखाली गळा थरथरला की तो आवाज आला. दत्तोबांना तो काही केल्या येईना. ते दुकानात मशीन चालवताना सराव करत, तर गिऱ्हाइके म्हणत, मशीन बिघडलेय वाटते. दुसरा आवाज घशातला. क म्हणायला जीभ मागे न्यायची, पण टेकवायची नाही, फटीतून नुसता वारा सोडायचा. आम्ही सगळे एकदम तो काढू लागलो की शाळेचे शिपाई काळजीने डोकावत.

आणि एक आवाज आमच्याजवळ आधीपासूनच होता. चमच्यातला च. चिंचेतला निराळा, चमच्यातला निराळा. आपल्या लिपीत दोन्हींना एकच अक्षर, पण एस्पेरांतोत दोन्हींना वेगवेगळी. बाई मला म्हणाल्या, बघ, हा च दुसऱ्या प्रांतातल्या पुष्कळांना घोकूनही येत नाही, तू तो आईकडून घेऊन आली आहेस. माझ्या तोंडात काही चांगले आहे असे मला त्याआधी कुणीही सांगितले नव्हते.

पुढे वडिलांनी रविवारी मला पाठवायचे बंद केले. ते मार्केट यार्डात हमाली करत, आई दुसऱ्याच्या शेतात जाई, रविवारी घर मी सांभाळावे हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बाई बसने आमच्याकडे आल्या. घोंगडीवर बसल्या, चहा घेतला. त्या शाळेतल्या कुणी आमच्याकडचे पाणी प्यायल्याचे त्याआधी मी पाहिले नव्हते. वडिलांनी सरळ विचारले, ही भाषा शिकून नोकरी मिळती का? बाई म्हणाल्या, नाही मिळत.

"मग कशापायी जायाचं तिनं?"

"न हसता ऐकून घेणारी माणसं तिला भेटतील म्हणून," बाई म्हणाल्या.

वडिलांनी बाईंची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "धाडतो की."

आता जे सांगणार आहे ते बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी जरा सौम्य करायला सांगितले होते. मी नकार दिला आहे.

आमच्या वर्गाचा बल्गेरियातल्या एक निवृत्त परिचारिका एलेनाबाई यांच्याशी पत्रव्यवहार होता. त्या भारतात यायच्या ठरल्या, तेव्हा मगदूमबाईंनी त्यांना कोल्हापुरास बोलावले. परदेशी पाहुणी येणार म्हटल्यावर गावातल्या प्रतिष्ठितांची एक स्वागत समिती उभी राहिली. तोवर बाईंना "ती भाषावाली" म्हणणारे आता हार कुणी घालायचा यावर बैठका घेऊ लागले. स्वागताचे भाषण मी करावे, असे बाईंनी ठरवले होते. मी तेव्हा मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले होते आणि आमच्यात माझे उच्चार सर्वांत साफ होते. समितीच्या बैठकीला बाई मला बरोबर घेऊन गेल्या. अध्यक्षांनी माझे नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले. मग माझ्यासमोरच बाईंना म्हणाले, "मुलगी हुशार असेल हो. पण स्टेजवर जरा शोभायला पाहिजे. हिचं मराठीच बघा की कसं आहे."

बाईंचा आवाज चढला नाही. "तिचं मराठी तुम्ही ऐकू नका. तिचं एस्पेरांतो पाहुणीला ऐकायचंय. त्यात तुमचं काय अडतंय?"

काय अडत होते ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते आणि एकालाही ते तोंडाने म्हणायचे धाडस नव्हते. भाषण एका प्राध्यापकांच्या चिरंजीवांकडे गेले. त्यांना या भाषेचा गंधही नव्हता. कुणीतरी देवनागरीत उतरवून दिलेले त्यांनी पाठ केले. बाईंनी आपले नाव पत्रिकेतून काढून घेतले, पण आम्हा सगळ्यांना घेऊन त्या समारंभाला गेल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या.

चिरंजीवांनी घडाघडा म्हटले. टाळ्या पडल्या. एलेनाबाई आनंदल्या आणि चिरंजीवांकडे वळून त्यांनी एस्पेरांतोत विचारले, मला पत्रे लिहिणारी मंडळी कुठे आहेत? चिरंजीव हसून हो म्हणाले. त्यांना तेवढा एक शब्द येत होता. एलेनाबाईंनी पुन्हा, सावकाश विचारले. ते पुन्हा हो म्हणाले.

मगदूमबाई माझ्याकडे झुकल्या. "तिनं विचारलंय. उत्तर दे."

मी उभी राहिले आणि एस्पेरांतोत म्हणाले, आम्ही इथे आहोत, मागे. माझा आवाज मुडशिंगीचा, त्याला माईक लागला नाही. अध्यक्षांनी घाईने आभार मानायला सुरुवात केली. तोवर एलेनाबाई व्यासपीठ उतरून मधल्या वाटेने आमच्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतले आणि मग दत्तोबांशी बोलत बसल्या. गळा थरथरवणारा तो न येणारा आवाज दत्तोबांच्या तोंडून त्या दिवशी अगदी स्वच्छ आला.

गोष्ट इथे संपली असती तर मला राग धरायचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी गावातल्या वर्तमानपत्रात चिरंजीवांच्या अस्खलित उच्चारांची वाखाणणी आली, आमचा उल्लेखही नव्हता. शाळेने समारंभात बेशिस्त घडवल्याबद्दल बाईंकडे लेखी खुलासा मागितला. रविवारी गेलो तर मागच्या खोलीला कुलूप होते. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली तेव्हा बाई सर्वांत ज्येष्ठ होत्या, ती जागा त्यांच्या हाताखालच्या बाईंना मिळाली. बाई सहशिक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या. वर्ग दत्तोबांच्या दुकानात कापडाच्या ताग्यांमध्ये भरू लागला आणि दत्तोबा गेल्यावर बाईंच्या स्वयंपाकघरात.

आणि आज बाईंच्या साठीनिमित्त तीच शाळा त्यांना शाल देणार आहे. निमंत्रणपत्रिकेत छापले आहे की बाईंचे भाषाकार्य शाळेच्या प्रोत्साहनाने बहरले. हे खोटे आहे. बाईंच्या गौरवात ते मी चालू देणार नाही.

बाई कधी रागावत नाहीत, असे या ग्रंथात अनेकांनी कौतुकाने लिहिलेले दिसेल. मला हे कौतुक पटत नाही. त्यांच्या न रागावण्यावर पुष्कळांनी आपली सोय करून घेतली. हा लेख लिहिते आहे असे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, माझे सोड, तुझ्या वर्गाबद्दल लिही. म्हणून तेही लिहिते. मी जयसिंगपूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. होय, मराठी. माझ्या वर्गात बोलण्यावरून कोणतेही मूल बाकावर उभे राहत नाही. एखाद्याला प्रमाण उच्चार शिकायचा असेल तर जीभ कुठे लावायची ते मी दाखवते. आणि घरचा उच्चार चूक आहे, असे मी कुणालाही सांगत नाही.

बाईंच्या स्वयंपाकघरात सध्या तीन नवे विद्यार्थी येतात. त्यांतला एक कबनूरचा यंत्रमाग कामगार आहे. मागांच्या खडखडाटात दिवस काढल्याने त्याला कमी ऐकू येते, म्हणून बाई त्याच्यासमोर बसून ओठ दाखवत प्रत्येक आवाज सावकाश काढतात. तिघांपैकी एकाचेही तोंड अजून वळत नाही. बाईंना घाई नाही. घाई करावी लागणार नाही, इतके दीर्घ आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो. आणि या गावाला ऐकायला शिकण्यासाठी लागतील तितकी वर्षे त्या आमच्यात असोत. ती थोडीथोडकी नसतील, म्हणूनच ही इच्छा मी मनापासून करते.