गाजराचा ठोकळा

आमच्या ह्यांचं काम फोडायचं. कुठे पूल झाला, इमारत झाली, की तिथल्या काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत येतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात बसतात आणि मग हे ते यंत्रात दाबून फोडतात. चौतीस वर्षं हेच. किती टनाला फुटला ते साहेब लिहितात, सहीही साहेबांचीच. ह्यांचं नाव कुठेच नाही.

निवृत्तीला सव्वा महिना उरला आणि ह्यांच्या डोक्यात भूत शिरलं. गाजराचा चोथा घातला की काँक्रीट मजबूत होतं, असं कुठेतरी वाचलं. म्हणाले, "जाण्याआधी एका अहवालावर तरी माझं नाव पाहिजे." अहवालात 'मिश्रण कोणाचे' असा रकाना असतो म्हणे. साहेबांनी परवानगी दिली, पण हसून.

मग काय! माझी किसणी गेली, मिक्सर गेला, पाच किलो गाजरं गेली. ठोकळे ओतून तीन दिवस झाले तरी बोट आत जायचं. साहेबांनी विचारलं, "चमचा आणू का?" हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मला मेलं वाईटच वाटलं.

"अहो, गोडाने सिमेंट आळत नाही, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंत ना? मग गाजर काय कडू असतं? उकळा, पिळा, पाणी फेका. चार वेळा!"

चौतीस वर्षं नुसतं फोडलेलं, बनवायची वेळ कधी आलीच नव्हती. शेवटी चोथा मीच पिळला. दोन दिवस मनगटं ठणकत होती. नव्या ठोकळ्यांचा अठ्ठाविसावा दिवस नेमका ह्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस निघाला.

निरोपाला मलाही बोलावलं होतं. नेहमीचा ठोकळा साठ टनाला जातो. आमचा पहिला एकाहत्तरला गेला, दुसरा सत्तरला. तिसरा ह्यांनी यंत्रात ठेवला. काटा त्र्याहत्तरवर गेला, तेव्हा कुठे तो फुटला.

साहेबांनी गुपचूप पेन काढलं. "मिश्रण कोणाचं? एकच नाव बसतं हां."

ह्यांनी माझं नाव सांगितलं.

मी खवळलेच. "वेड लागलंय का तुम्हाला? मग महिनाभर जीव कशासाठी टाकलात?"

"मी फक्त फोडलं," म्हणाले आणि झाडू घेऊन तुकडे गोळा करायला लागले, रोज करतात तसे. मला साहेबांसमोरच रडू फुटलं.

अहवाल आता घरी आहे, कपाटात. किसणी मात्र अजून प्रयोगशाळेतच आहे.