बहिणीच्या घराचा किराया

कुहीजवळच्या एका अंगणात मी घेतलेला एक जबाब मला आजही जसाच्या तसा आठवतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण तुमचे कुठे चुकले असे कोणी विचारले, तर मी या साध्या अर्ज चौकशीबद्दल सांगतो. नाव मात्र कोणाचेही सांगणार नाही.

तेव्हा मी नागपूरच्या दक्षिण टोकाच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. बेसा आमच्या हद्दीत होते. दर महिन्याला तिथे नवी इमारत उभी राही आणि तिच्यामागोमाग घरमालक-किरायदारांची भांडणे ठाण्यात येत.

एका सोमवारी हजेरी आटोपल्यावर निमसरकारी संस्थेतले एक अधिकारी आले. त्यांच्याकडे लेखी तक्रार होती आणि तिला जोडलेले एक निनावी पत्र. संस्थेतला एक लिपिक बेशात सख्ख्या बहिणीच्या घरात फुकट राहतो, आणि दर महिन्याला तिकीट लावलेल्या भाड्याच्या खोट्या पावत्या जोडून घरभाड्याचा लाभ उचलतो, असे पत्रात लिहिले होते. संस्थेचा नियम सरळ होता. घर भावाबहिणीचे असले तरी हरकत नाही, पण भाडे खरोखर दिलेले हवे. पावत्या सोबत होत्या. प्रत्येकीवर रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर बहिणीची सही.

ठाणे अंमलदाराने अर्जाची नोंद केली. आमचे वरिष्ठ निरीक्षक मला म्हणाले, "आधी नीट चौकशी करा. गुन्हा दाखल झाला की त्याच दिवशी हा माणूस निलंबित होईल. दोन लेकरं आहेत म्हणतात."

मी मान हलवली, पण खरे सांगायचे तर मनात निकाल लावून मोकळा झालो होतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तालुक्याच्या गावातून नागपूरला कॉलेजला आलो, तेव्हा इतवारीत आत्याच्या दोन खोल्यांत चार वर्षे राहिलो. आत्याने कधी एक रुपया मागितला नाही. वह्यांचे पैसे द्यायला गेलो तर तिने लाटणे उगारले होते. तिच्या उपकारावरच माझी वर्दी उभी होती. त्यामुळे बहीण सख्ख्या भावाकडून भाडे घेते, हे मला शक्यच वाटेना.

महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो. म्हणून आमच्या महिला हवालदारांना घेऊन मी कुहीकडे निघालो. बहीण विधवा होती. नवऱ्याने मरण्यापूर्वी बेशात दोन खोल्या बांधून तिच्या नावावर केल्या होत्या. ती स्वतः सासरी राहत होती. तिची एकुलती एक मुलगी नागपुरात वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती.

धानाची मळणी चालू होती. अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. सासू बाजेवर बसली, धाकटा दीर माझ्या शेजारी, आणि शेजारच्या तीन बाया दारात उभ्या राहिल्या. चहा आला. बहीण डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

मी विचारले, "बाई, भाऊ तुम्हाला घराचं भाडं देतो का?"

उत्तर दिराने दिले. "सख्खा भाऊ बहिणीले किराया कायले देईन साहेब? फुकट राहून राहिला तो. तिकडे हापिसात दर महिन्याले तिकीट लावून पावत्या देते म्हणे, ते त्याचं तो जाणे."

"तुम्हाला नाही विचारलं," मी म्हणालो.

सासू बाजेवरून बोलली, "भावाजवळून किराया घेतला तं दिवाळीले कोणत्या तोंडानं ओवाळन वं ते त्याले?"

दारातल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "ओवाळणीतून किराया कापून घेईन ना मावशी!"

हसणे थांबल्यावर बहीण हळूच म्हणाली, "नाही घेत. पावती-बिवती मले माहीत नाही." मी तसे लिहिले, वाचून दाखवले आणि तिची सही घेतली.

परतताना गाडीत महिला हवालदार म्हणाल्या, "साहेब, प्रश्न तुम्ही विचारला, पण बाईनं उत्तर दिराकडे पाहून दिलं."

"जबाब झाला मॅडम," मी म्हणालो. मला सगळे स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी लिपिकाला ठाण्यात बोलावले. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. त्याच्या घरातही पगाराची नोकरी लागलेला तो पहिलाच होता. भाडे देता का विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "देतो साहेब. पगार झाला की पहिल्या रविवारी ताई पोरीले भेटायले नागपूरला येते, तेव्हा हातात देतो. ताई तिथंच सही करते."

मी बहिणीचा जबाब त्याच्यापुढे सरकवला. "वाचा."

त्याने दोनदा वाचला. मग कागद सरळ करून परत ठेवला.

"आता काय म्हणता?"

"ताईनं सांगितलं असंन तं तसंच लिहून घ्या साहेब."

"म्हणजे पावत्या खोट्या?"

"ताईले खोटं पाडाले मले नका सांगू."

"नोकरी जाईल तुमची. कळतं का?"

"कळते," तो म्हणाला. त्याने शब्द बदलला नाही.

इथे मी थांबलो. चौकशीत बसलेला खोटारडा माणूस साक्षीदारावर तुटून पडतो. ती वेडी आहे, तिला कोणी शिकवले, आमचे जुने वैर आहे, असे काहीतरी तो बोलतोच. स्वतःची नोकरी घालवणाऱ्या साक्षीदाराची इज्जत राखणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता.

त्याला बाहेर बसवले आणि जबाब व पावत्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पावती माहीत नाही असे सांगून बहिणीने ज्या कागदावर सही केली होती, ती सही आणि पावत्यांवरची सही सारखीच होती. नाव सावकाश, अक्षर अक्षर सुटे काढलेले, आणि शेवटी खाली ओढलेली रेघ डावीकडे वळवून नावाच्या सुरुवातीपर्यंत नेलेली.

आमचा जुना हवालदार डोकावून म्हणाला, "भावानं गिरवली असंन साहेब."

तेही शक्य होते. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवले तर अहवालाला महिने लागले असते. पण तेवढ्यात मला दिराचे बोलणे आठवले. त्या अंगणात पावत्यांचा विषय मी काढलाच नव्हता. त्या तर संस्थेच्या फाइलमध्ये होत्या. तिकीट लावलेल्या पावत्या दर महिन्याला जातात, हे कुहीच्या शेतकऱ्याला कसे कळले? ते निनावी पत्रात होते. मी महिला हवालदारांना बोलावून म्हणालो, "मॅडम, काल तुमचं बरोबर होतं."

पुढच्या रविवारी बहीण मुलीला भेटायला आली, तेव्हा आम्ही तिच्या बेशाच्या घरी गेलो. दारातच महिला हवालदार मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही ओट्यावर बसा. मी बोलते." वरिष्ठ असूनही मी गुपचूप बसलो.

पंधरा मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावले. मुलगी बहिणीशेजारी बसली होती. बहिणीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिच्यात मुलीच्या कॉलेजच्या फीच्या हप्त्यांच्या पावत्या. भाड्याच्या पावतीवर रविवारची तारीख, फीच्या पावतीवर दुसऱ्या दिवशीची. दर महिन्याला तेच.

"घरी कळलं असतं तं हे पैसे दिराच्या हाती गेले असते," ती म्हणाली. "घरात सगळं एकातच आहे, वाटे झाले नाही. मंग पोरीले म्हणले असते, कायले शिकतं, लगन कर. मी भावाले म्हणलं, तू परक्या किरायदारासारखा दे, अन् कोणाले सांगू नको. त्यानं नाही सांगितलं."

"भावानं तुमच्यासाठी नोकरी सोडायची तयारी ठेवलीये," मी म्हणालो. "पण एक स्पष्ट सांगतो. तुम्ही खरा जबाब दिला तर तो संस्थेत जाईल. तिथून गावात जाणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही."

तिने पावत्या नीट जुळवून पिशवीत ठेवल्या. मग तिने मुलीचा मोबाइल मागून घेतला आणि दिराला फोन लावला. स्पीकर तिने स्वतः चालू केला.

"भाऊजी, मी भावाजवळून किराया घेते. दर महिन्याले घेते. पोरीच्या कॉलेजात भरते."

तिकडून आवाज चढला. "वहिनी, अकल गेली का तुमची? लोकं काय म्हणतीन? अन् आम्हाले विचारल्याबिगर?"

"घर कोणाच्या नावावर आहे, भाऊजी?"

उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली, "पोलीस बसून राहिले इथं. तेच लिहून देऊन राहिली. संध्याकाळी घरी येते, मंग बोला काय बोलायचं ते." तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "लिहा साहेब."

पुरवणी जबाब झाला. फीच्या पावत्यांच्या प्रती जोडल्या. तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल मी स्वतःच्या सहीने पाठवला आणि अर्ज दफ्तरी दाखल झाला. लिपिकाची नोकरी राहिली. भावाची नोकरी घालवून बेशातले घर रिकामे करावे आणि विकायला लावावे, हा दिराचा बेत होता. संस्थेतल्या एका ओळखीच्याकडून पावत्यांचे कळल्यावर पत्र आपणच टाकल्याचे त्याने पुढे आमच्यासमोर कबूल केले आणि मान खाली घातली. समज देऊन त्याला सोडले. मुलगी आज परिचारिका आहे.

माझ्या आत्याने मला फुकट ठेवले, हे मोठे मन होते. पण भावाने भाडे मोजून दिले आणि बहिणीने ते हक्काने घेतले, यातही तेवढीच माया असू शकते, हे मला त्या घरात कळले. माझ्या घरातली रीत मी दुसऱ्याच्या घराला कायद्यासारखी लावली होती. त्यातून एक निर्दोष माणूस नोकरीला मुकणार होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाबाच्या वर मी त्या वेळी तिथे कोण कोण बसले होते ते लिहीत गेलो. नव्या अधिकाऱ्यांनाही हेच सांगतो. प्रश्न तयार करून जा, पण पहिला प्रश्न विचारण्याआधी चहा नाकारा, अंगण रिकामे करा आणि समोरच्या बाईला एवढेच विचारा, "इथं बोलता येईल ना तुम्हाला?"