पडद्याकडे तोंड करून

“तू हात चालव राव, मी बोलतो,” असं म्हणत तो आपली खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवायचा आणि पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे, तळ्याकाठी बसल्यासारखा, बघत राहायचा.

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात तेव्हा संगणक नवा होता. प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघे, मी आणि गोदामातून आलेला तो, आणि टर्मिनल एक. मी टाइप करायचो, तो पुढचं सांगायचा. दमलो की जागा बदलायचो. चूक सापडली तरी त्याचा आवाज चढायचा नाही. “हितं जरा थांबू,” एवढंच. यंत्राची घरघर, गार हवा, खिडकीबाहेर कोवळं ऊन. कधी विचार माझ्या मनात यायचा आणि शब्द त्याच्या तोंडून निघायचे. तो विचार कुणाचा, असं तुम्ही विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं.

एरवी तो बोलताना फार अडखळायचा. कँटीनमध्ये चहा मागतानाही पहिल्याच अक्षरावर अडायचा; लोक त्याचं वाक्य परस्पर पुरं करून टाकायचे. तो नुसता हसायचा. माझ्या शेजारी बसला की मात्र जीभ मोकळी.

सुट्या भागांच्या साठ्याचा प्रोग्राम तयार झाला आणि मुंबईचे मोठे साहेब बघायला येणार असं ठरलं. आमचे साहेब मला म्हणाले, “तुम्ही एकटेच बोला. नाहीतरी एका कामाला दोन माणसं कशाला? तुमच्या जोडीदाराला परत गोदामात पाठवू.”

“प्रोग्राम दोघांचा आहे साहेब. मला निम्माच सांगता येईल.”

त्या दिवशी खोली भरली होती. तो उभा राहिला. “सा... सा...” पुढे काही येईना. कपाळावर घाम. कुणीतरी खाकरलं. मी सगळ्यांकडे पाठ करून टर्मिनलसमोर बसलो आणि शेजारची खुर्ची ओढली.

“बस भाऊ. पुढं काय घालू?”

तो बसला. पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आधी भागाचा नंबर घाल.”

आणि बोलतच गेला. साहेब लोक एकेक करून आमच्या खुर्च्यांमागे येऊन उभे राहिले. तो मध्येच थांबला, तर मोठे साहेबच वाकून म्हणाले, “हं, पुढं?”

गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे त्याला नागपूरला चांगली नोकरी लागली. स्टेशनवर मी पोचवायला गेलो. फलाटावर आम्ही दोघे घड्याळाकडे बघत उभे राहिलो. गाडी हलली, आणि दारात उभा राहून तो एकदम बोलायला लागला. ओठ भराभर हलत होते, कुठेही न अडता. गाडीच्या खडखडाटात एक शब्द ऐकू आला नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी मान डोलावत राहिलो.